धूपगडाचे पाहुणे

(इंदूर येथे मराठी भाषिक शिक्षक व नागरिक यांच्यासमोर केलेले भाषण)



आज सकाळी घरातून निघण्यापूर्वी आपल्यापैकी बहुतेकांनी जे पाणी घेतले, ते नर्मदेचे होते. मंडलेश्वरजवळील जलूद येथून ते उपसून इंदूरला आणले जाते, हे येथील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. परंतु नर्मदेला ते कोठून मिळते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. त्याच्या उत्तराचा एक भाग सातपुड्याच्या माथ्यावर आहे. महादेव डोंगररांगेतील असंख्य ओढे देनवा नदीला मिळतात, देनवा तव्याला मिळते आणि तवा नर्मदेला. म्हणूनच सातपुडा राष्ट्रीय उद्यानाविषयी मी जे सांगणार आहे, ते परक्या मुलखाचे वर्णन नव्हे.

आपले इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर वसले आहे. पचमढीचे पठार हजार मीटरांहून उंच असून त्यावरील धूपगड सुमारे १,३५० मीटर, म्हणजे मध्य प्रदेशातील सर्वांत उंच शिखर होय. कळसूबाई चढून आलेल्यास ही उंची मोठी वाटणार नाही. तथापि भोवतालचा प्रदेश उन्हाने होरपळत असता येथील खोल, सावलीच्या दऱ्यांत ओल टिकून राहते आणि कड्यांच्या कपारींत नाना जातींचे नेचे वाढतात. माळव्याची काळी जमीन मागे टाकून आपण येथे वालुकाश्माच्या राज्यात शिरतो. साग आणि साल या दोन महावृक्षांची भेटही याच डोंगरात होते. १९८१ साली स्थापन झालेले हे उद्यान आज बोरी व पचमढी अभयारण्यांसह व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे.

भोपाळमार्गे पिपरियास जाऊन तेथून पचमढीचा घाट चढता येतो. दुसरी वाट सोहागपूरवरून मढईस जाते. तेथे देनव्याचे विस्तीर्ण पाणी नावेने ओलांडून जंगलात प्रवेश करावा लागतो. ठरवून दिलेल्या भागात मार्गदर्शकासह पायी हिंडण्याची सोय हे या उद्यानाचे वैशिष्ट्य आहे. रानगवे, सांबर, अस्वल, बिबट्या, काठावर ऊन खाणारी मगर, आणि महाराष्ट्राने ज्याला राज्यप्राण्याचा मान दिला ते शेकरू, हे सर्व येथे नांदतात.

एका उन्हाळ्यात मी मढईस गेलो होतो. आमच्या गाडीतील एक कुटुंब वाघ न दिसल्यामुळे फार नाराज झाले होते. पैसे पाण्यात गेले, असे ते वारंवार बोलून दाखवीत होते. आमचा मार्गदर्शक कोरकू समाजातील एक प्रौढ गृहस्थ होता. त्याने काही उत्तर दिले नाही. पुढे एका मोकळ्या कुरणाशी गाडी थांबवून त्याने एक जुना आंबा दाखविला. त्याच्या सावलीत चितळांचा कळप उभा होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "हा आंबा माझ्या आजीने लावला. घर त्याच्या पलीकडे होते." गाडीत मग कोणी बोलले नाही.

या उद्यानाच्या क्षेत्रातील अनेक गावे बाहेर वसविण्यात आली. जेथे नांगर चालत होता, तेथे आता गवत वाढले आहे. २०१५ पासून कान्हा येथील बारशिंगे आणून बोरीच्या परिसरात सोडण्यात आले. वन्यजीवांच्या दृष्टीने ही मोठीच प्राप्ती आहे. परंतु तिची किंमत गोंड व कोरकू बांधवांनी आपली घरे सोडून दिली आहे, हे विसरता कामा नये.

प्रसिद्धीच्या क्षेत्रात काम करणारा माणूस म्हणून माझ्याकडे दोषाचा काही वाटा येतो. आम्ही भित्तिपत्रकांवर वाघ छापला, आणि लोक केवळ वाघ पाहावयास जाऊ लागले. डोंगर, पाणी आणि आजीचा आंबा आम्ही छापले नाहीत.

यास्तव माझी काही विनंती आहे. अधिकारी मित्रांनी उठून गेलेल्या गावांची विचारपूस पुनर्वसनाचा कागद पूर्ण झाल्यावरही थांबवू नये. नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीच्या यात्रेस विदर्भातून हजारो भाविक येतात. त्यांची वाट व्याघ्र प्रकल्पातून जाते. पावसाळ्यात अंतर्गत जंगल पर्यटकांना बंद असते. केवळ श्रद्धेपोटी हा मार्ग त्या दिवसांपुरता खुला होतो. येथे बसलेल्यांपैकी अनेकांचे नातलग त्या यात्रेस जात असतील. शिदोरी कापडात न्यावी, प्लॅस्टिकचा एकही तुकडा दरीत पडू देऊ नये, एवढे त्यांना अवश्य सांगावे. त्याच दरीचे पाणी खाली आपल्याकडे येते.

शिक्षकांनी सहलीहून परतलेल्या मुलांना "वाघ दिसला का?" असे न विचारता "कोणकोणते ओढे ओलांडले, कोणती झाडे ओळखली, वाट दाखविणारा कोण होता?" असे विचारावे. मुले निघण्यापूर्वीच हे प्रश्न त्यांच्या वहीत लिहून द्यावेत. मग ती वाटेत आपोआप शांत राहतील, आणि शांत राहणाऱ्यास जंगल पुष्कळ काही दाखविते. त्या मार्गदर्शकाचीही आम्हाकडून एवढीच अपेक्षा होती.