कटर घेणारा आणि कटर धरणारा
(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



कोकणात वूड कटर, म्हणजे साखळी-करवत, विकत घेतो एक आणि चालवतो दुसराच. घेणारा बागायतदार असतो, लाकडाचा व्यापारी असतो, ठेकेदार असतो, कधी ग्रामपंचायत असते. चालवणारा रोजावर आलेला गडी असतो. दुकानात उभं राहून दोन यंत्रांतलं एक जो पसंत करतो, त्याच्या हातात ते यंत्र दिवसभर थरथरणार नसतं. म्हणून तो किंमत बघतो, सीसी बघतो, पात्याची लांबी बघतो. ज्याच्या मनगटाला आणि मांडीला त्या यंत्राशी गाठ आहे, त्याला कोणी विचारत नाही. साखळी-करवत कशी निवडावी, कशी वापरावी, हा आजचा विषय आहे. त्यातलं माझं म्हणणं एवढंच, की निवड लाकडाकडे पाहून अर्धीच होते. उरलेली अर्धी धरणाऱ्या माणसाकडे पाहून करावी लागते.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं. नारळ, पोफळी, आंबा, फणस, काजू, वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं. घरांवरची आणि रस्त्यावरची झाडं कुऱ्हाडीने कधी निघणार? ज्याला जे यंत्र मिळालं ते त्याने आणलं. यंत्र गावात आलं, पण त्याच्याबरोबर जे शिकणं यायला हवं होतं ते आलं नाही.

युरोपात हे सावकाश घडलं. आन्द्रेआस श्टील यांनी 1926 मध्ये जर्मनीत विजेवर चालणारी करवत काढली, तिचं वजन 48 किलो होतं आणि ती धरायला दोन माणसं लागत. 1959 मध्ये त्याच कंपनीची एका माणसाने चालवायची बारा किलोची करवत आली. पुढच्या पंधरा वर्षांत हँडलला कंप रोखणाऱ्या व्यवस्था आल्या, साखळी थांबवणारा ब्रेक आला. लाकूडतोड्यांची बोटं निकामी झाली, तोंडावर, खांद्यावर जखमा झाल्या, तेव्हा कुठे एकेक सुधारणा झाली. आपल्याला हे सगळं आयतं मिळत असताना स्वस्ताच्या मोहात आपण नेमकं तेवढंच सोडून देतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आता दुकानात चला. स्वस्त यंत्रांवर 58 सीसी, 62 सीसी असे मोठे आकडे असतात. शेजारी पन्नास सीसीचं व्यावसायिक यंत्र ठेवलेलं असतं आणि त्याची किंमत कितीतरी पट असते. गिऱ्हाईक म्हणतं, आकडा कमी आणि पैसे जास्त? पण सीसी हे सिलिंडरचं माप आहे, ताकदीचं नाही. चांगल्या बांधणीचं पन्नास सीसीचं यंत्र साधारण चार अश्वशक्ती देतं, मिनिटाला तेरा-चौदा हजार फेरे घेतं आणि पात्या-साखळीशिवाय पाच किलोच्या आसपास भरतं. त्याचा क्रँककेस मॅग्नेशियमचा असतो, म्हणून ते हलकं राहतं आणि तापूनही टिकतं. वाडीतल्या बहुतेक कामाला एवढं यंत्र आणि पंधरा ते अठरा इंचांचं पातं, म्हणजेच बार, पुरतं. जुन्या आंब्याच्या बुंध्यासाठी सत्तर सीसीचं आणि वीस-पंचवीस इंची बारचं एक यंत्र असावं, पण ते गावात एक असलं तरी भागतं. लांब बारचा हव्यास नको. बार जेवढा लांब तेवढे दात जास्त, धारेचं काम जास्त आणि टोक नजरेआड. बारच्या दुप्पट जाडीचं खोडही सराईत माणूस दोन्ही बाजूंनी कापून पाडू शकतो.

किमतीतला खरा फरक हँडलमध्ये आहे. चांगल्या यंत्रात इंजिन एकीकडे आणि हँडल दुसरीकडे, मध्ये स्प्रिंगा किंवा रबर असतात. इंजिनाचा कंप हातापर्यंत कमी पोचतो. युरोपीय संघाने 2002 च्या निर्देशात आठ तासांच्या कामाला हाताच्या कंपाची मर्यादा 5 मीटर प्रति सेकंद वर्ग ठरवली आणि 2.5 च्या वर गेलं की मालकाने उपाय केलेच पाहिजेत असं सांगितलं. चांगल्या यंत्राचा कंप किती ते त्याच्या माहितीपुस्तकात छापलेलं असतं, मागून घ्या आणि वाचा. थंड देशांत वर्षानुवर्षं कंप सोसलेल्यांची बोटं पांढरी पडतात. आपल्या उकाड्यात ती सहसा पांढरी पडत नाहीत, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. गडी सांगतो, रात्री हाताला मुंग्या येतात, सकाळी चहाचा कप नीट धरवत नाही. आपण म्हणतो, काम जास्त झालं असेल.

दुसरी गोष्ट ब्रेकची. बारच्या टोकाचा वरचा चतकोर भाग लाकडाला टेकला, की साखळी तिथे अडते आणि सगळा बार उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. पापणी लवायच्या आत हे होतं, माणसाला सावरायला वेळच नसतो. पुढच्या हँडलसमोर जो आडवा पट्टा असतो तो ब्रेक आहे. मनगटाचा धक्का लागून तो पडतो, आणि चांगल्या यंत्रात नुसत्या उसळीच्या झटक्यानेही पडतो. हा दुसरा प्रकार चालतो की नाही हे दुकानातच पाहता येतं. इंजिन बंद ठेवा, ब्रेक मोकळा करा, मागचं हँडल धरून यंत्र एका ओंडक्यावर हात-दीड हात उंच आडवं धरा आणि पुढचा हात सोडून द्या. बारचं टोक ओंडक्यावर आपटलं की ब्रेक खटकन पडला पाहिजे. पडला नाही तर ते यंत्र घेऊ नका. आणि ‘पट्टा आडवा येतो’ म्हणून तो काढून टाकलेलं किंवा तारेने बांधलेलं यंत्र आपल्या वाडीत चालू देऊ नका, मग ते कोणाचंही असो.

धारेबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिथे होतं. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातला जोसेफ कॉक्स हा लाकूडतोड्या 1946 मध्ये झाडाच्या एका खुंटातली अळी निरखत बसला होता. ती अळी लाकूड डावीउजवीकडे कुरतडत पुढे सरकत होती. तिच्या जबड्यावरून त्याने आकड्यासारखे वळलेले, आळीपाळीने डावे-उजवे दात केले आणि पुढच्या वर्षी तशी साखळी विकायला काढली. आज आपण वापरतो त्या साखळीचा दात मूळ तोच. प्रत्येक दाताच्या पुढे एक छोटा उंचवटा असतो. दाताने किती खोल घास घ्यायचा ते तो ठरवतो. दात आणि उंचवटा यांच्या उंचीत साधारण 0.65 मिलीमीटरचा फरक लागतो. उंचवटा जास्त घासला की दात मोठा घास घेतो, यंत्र हिसके देतं आणि उसळायचा धोका वाढतो.

धार लावायला गोल कानस लागते आणि ती साखळीच्या मापाचीच हवी. 0.325 इंची साखळीला 4.8 मिलीमीटरची, तीन-अष्टमांश इंची साखळीला 5.2 ची, काही कंपन्या 5.5 ची सांगतात. हाताला लागेल ती कानस फिरवली की दाताचा आकार बिघडतो. कानस दाताच्या आतून बाहेर, एकाच दिशेने ढकलायची, मागे आणताना उचलायची. साधारण तीस अंशांचा कोन. एका बाजूचे सगळे दात झाले की मग दुसऱ्या बाजूचे, आणि सगळ्यांना सारखेच घाव, नाहीतर काप वाकडा जातो. धार गेली हे ओळखायला काही शास्त्र लागत नाही. खाली पडतं ते पाहा. धारेची साखळी जाडसर कीस टाकते, बोथट साखळी पिठासारखा भुगा टाकते. भुगा दिसू लागला की माणूस यंत्रावर भार द्यायला लागतो, आणि दमलेला माणूस यंत्रावर रेलतो तेव्हाच अपघात होतो. सागवानात वाळूच्या जातीची सिलिका असते, ती धार खाते. नारळाचं खोड बाहेरून टणक, आत मऊ, त्याचे तंतू साखळी फिरवणाऱ्या चाकाच्या, म्हणजे स्प्रॉकेटच्या, झाकणात गुंततात. चिखलात पडलेल्या झाडावर तर चौकोनी टोकाचे तीक्ष्ण दात टिकतच नाहीत, तिथे किंचित गोलाई असलेल्या दाताची साखळी घ्यावी. कापते थोडी हळू, पण धार धरून ठेवते.

पेट्रोलचं थोडक्यात सांगतो. कंपनीने पन्नासास एक सांगितलं असेल तर लिटरला 20 मिलीलिटर टू-टी ऑईल, अंदाजाने झाकणभर नव्हे. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल आपल्या दमट हवेत पाणी ओढतं, म्हणून महिनोन्‌महिने ठेवलेलं मिश्रण वापरू नये आणि पावसाळ्यात यंत्र ठेवून देताना टाकी व कार्बुरेटर रिकामा करावा. बॅटरीची यंत्रं चांगली आहेत, कंप आणि आवाज कमी, पण वादळानंतर गावात दिवसेंदिवस वीज नसते हे आपण सोसलेलं आहे.

आता पडलेल्या झाडाकडे येऊ. उभं झाड पाडण्याची रीत ठरलेली आहे: पाडायच्या बाजूला व्यासाच्या पाचव्या-चौथ्या हिश्शाएवढी खाच, मागून काप, आणि मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढं लाकूड न कापता ठेवायचं, ते बिजागरीचं काम करतं. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरं कोणी नको. वादळाने आडवं केलेलं झाड मात्र पडलेलं दिसतं, पण शांत झालेलं नसतं. स्वीडनमध्ये जानेवारी 2005 मध्ये गुद्रून वादळाने सुमारे साडेसात कोटी घनमीटर लाकूड लोळवलं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या जंगलात काम करणारी, शिकलेली माणसं आहेत. तरी नंतरच्या साफसफाईत माणसं दगावली.

एक कलमी आंबा मुळासकट उलटला आहे असं समजा. मुळांचा गड्डा मातीसकट दीड पुरुष उंच उभा आहे, खोड पोफळींवर टेकलेलं आहे. त्या गड्ड्याला उलटं धरून ठेवलंय खोडाच्या वजनाने. खोड बुंध्याशी कापलं की गड्डा सुटतो आणि खड्ड्यावर झाकण पडावं तसा मागे मिटतो. त्या खड्ड्याच्या सावलीत कोणी पाणी प्यायला बसलेलं असतं, कधी पोरं खेळत असतात. आधी तिथे पाहायचं, मग गड्डा दोराने बांधायचा, आणि कापताना गड्ड्याला पुरुषभर लांबीचं खोड राहू द्यायचं.

खोडातही ताण असतो. दोन्ही टोकं टेकलेली आणि मध्य अधांतरी असेल तर वरच्या बाजूला दाब आणि खालच्या बाजूला ताण. एकच टोक टेकलेलं आणि दुसरं लोंबत असेल तर नेमकं उलटं. आधी दाबाच्या बाजूने तिसऱ्या हिश्शापर्यंत कापायचं, मग ताणाच्या बाजूने येऊन पुरं करायचं. आडव्या अंगाने वाकलेलं खोड सुटलं की फुगलेल्या बाजूला उसळतं, म्हणून आतल्या बाजूला उभं राहायचं. आणि डोळा कापावर ठेवायचा. काप मिटायला लागला तर तिथे दाब आहे, बार अडकणार. उघडायला लागला तर ताण आहे, लाकूड सुटणार. हे वाचता येणारा माणूस आपल्या गावात असेल तर त्याला जपा.

पायांबद्दल. जंगलकामाच्या पँटमध्ये लांब तंतूंचे थर असतात. साखळी कापडाला लागली की ते तंतू ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये गुंततात आणि साखळी जागीच थांबते. कोकणातल्या घामात पूर्ण पँट घालवत नाही हे खरं आहे. पण नुसत्या पुढून बांधायच्या पट्ट्यांचा प्रकारही मिळतो, तो लुंगीवरून नाही पण साध्या पँटवरून बांधता येतो. त्याबरोबर जाळीचं हेल्मेट आणि कानाची झापं. यंत्राचा आवाज कानाशी शंभर डेसिबलच्या वर जातो. एका गड्याला हा संच घेणं जड जातं, तर तीन-चार बागायतदारांनी मिळून दोन संच घ्यावेत आणि जिथे काम असेल तिथे द्यावेत.

शेवटचा मुद्दा मजुरीचा. पडलेलं झाड कापायचं काम उक्तं देऊ नका. झाडामागे पैसे ठरले की गडी धार लावायला थांबत नाही, ताण वाचायला थांबत नाही, जेवणाच्या वेळेआधी आणखी एक उरकायला बघतो. रोजाने द्या आणि टाकी संपेल तेव्हाची दहा-पंधरा मिनिटं, म्हणजे धार, साखळी ताणणं, पाणी पिणं, ही रोजातच धरा. टाकी पाऊण तासात संपते, त्यामुळे दिवसात हे कितीदा होणार ते तुमचं तुम्हाला कळेल.

मांडवामागे एक ओंडका आणि दोन यंत्रं मांडून ठेवली आहेत, एक नवं आणि एक गावातलंच वापरातलं. ब्रेकची परीक्षा ज्यांना स्वतःच्या हाताने करून पाहायची आहे त्यांनी या. घेणारे आणि चालवणारे दोघेही आला असाल तर चालवणाऱ्यांना पुढे येऊ द्या.