'वयोमानाने' हा शेरा



पुढच्या दोन रांगा रिकाम्या आणि दाराशी मात्र दाटी, असे आजचे सभागृह पाहिले म्हणजे संकोच किती खोल रुजला आहे ते कळते. उतारवयात पुरुषाची ताठरता का हरपते, हा विषय मी संयोजकांकडून हट्टाने मागून घेतला, कारण वैद्यकाच्या दफ्तरातील एक शेरा मला तुमच्या साक्षीने खोडावयाचा आहे. 'वयोमानाने' हा तो शेरा.

रक्ताभिसरणाची माहिती तुम्हांस शाळेपासून आहेच. ताठरता येते ती रक्त भरल्याने. रोहिणीच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू पाझरतो, भिंती सैलावतात आणि प्रवाह वाढतो. या वायूचे कार्य उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांस 1998 साली नोबेल पारितोषिक मिळाले. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू आणि वाढलेली चरबी हे चौघे त्याच अस्तरावर घाला घालतात. आणि शिश्नाची रोहिणी जेमतेम एक ते दोन मिलिमीटर रुंद, तर हृदयाची तीन ते चार, तेव्हा अडथळ्याची खबर प्रथम कोठून येणार हे उघड आहे.

(मागे हशा.)

हसू नका, मित्रहो. ज्या मुंबईत रघुनाथ धोंडो कर्व्यांनी 1927 पासून 1953 पर्यंत कामजीवनावर उघडपणे लिहिणारे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले, त्यापायी फौजदारी खटले सोसले आणि 1934 साली ज्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले, त्या मुंबईच्या वारसांना हे हसू शोभत नाही.

माझ्या उमेदवारीच्या काळात मामलेदार कचेरीतील एक अव्वल कारकून, वय छप्पन्न, रक्तदाब दाखवावयास येत. एकदा छत्री उचलून ते दारापर्यंत गेले, थबकले आणि खालच्या मानेने म्हणाले, ''एक विचारायचं राहिलं, डॉक्टरसाहेब. हल्ली... घरात जमत नाही.'' मी मान वर न करता उत्तरलो, ''वयोमानानं होतंच हो!'' त्यांच्या खिशातून विड्यांचे बंडल डोकावत होते, ते मला आधीच दिसले होते. लघवीतील साखर तपासणे माझ्या हाती होते, ते मी केले नाही. ते ''बरं'' म्हणून गेले. पुढे तीन वर्षांच्या आतच एका रात्री छातीत कळ येऊन ते वारले. महिन्याने त्यांची पत्नी औषधांचा हिशेब चुकता करावयास आली आणि तिने विचारले, ''त्यांनी तुम्हांला ते सांगितलं होतं ना?'' त्या प्रश्नाचे उत्तर मी आजतागायत शोधतो आहे.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट केले आहे. मला आणखी बरेच सांगावयाचे होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात 1987 ते 1989 या काळात 40 ते 70 वयाच्या 1,290 पुरुषांची पाहणी झाली; त्यांपैकी 52 टक्क्यांना कमीअधिक प्रमाणात हा त्रास होता. वयाबरोबर तो वाढतो, हे मी नाकारीत नाही, आणि ज्या गृहस्थांनी आत्ता ''वय तर आहेच ना!'' असे म्हटले त्यांचे म्हणणे त्या पाहणीस धरूनच आहे. परंतु वयाचा हिशेब वजा केल्यावरही हृदयविकार, मधुमेह आणि रक्तदाब यांचा संबंध तेथे उरलाच, आणि दडपलेला क्रोध व खिन्नता यांचाही. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील प्रयोगात आहार व व्यायाम यांच्या बळावर 55 स्थूल पुरुषांपैकी 17 जण दोन वर्षांत पूर्ववत झाले. वयोमान मागे फिरत नाही, मित्रहो; ही व्याधी मात्र फिरली!

घंटा झाली. तुम्ही पाठविलेल्या चिठ्ठ्यांतला एकच प्रश्न घेतो: ताठरतेसाठी बाजारातली गोळी घ्यावी काय? आधी रक्तदाब, साखर आणि हृदय तपासून घ्या. आणि हृदयासाठी जिभेखाली ठेवण्याची नायट्रेटची गोळी जे वापरतात त्यांनी ही ताठरतेची गोळी मुळीच घेऊ नये, दोहोंच्या मिळणीने रक्तदाब एकाएकी कोसळून प्राणावर बेतते. रक्तदाबाचे चालू औषध मात्र, त्यानेच हा त्रास होतो अशा संशयावरून, स्वतःच बंद करू नका. वैद्याला सांगा, तो बदलून देईल.

बाकीच्या चिठ्ठ्यांवर नावे नाहीत, ती मला नकोतही. मी मागच्या व्हरांड्यात थांबतो. दिवा मालवावयास सांगितला आहे.