पारपत्र आणि स्वदेशाभिमान



परदेशी राहणाऱ्या माणसाला मायदेशाचा अभिमान अधिक वाटतो, असा सार्वत्रिक समज आहे. त्यात तथ्य नाही असे नव्हे. परंतु तो अभिमान नेमका कशाचा, हे फारसे कोणी विचारीत नाही. भूमीचा, माणसांचा, की ज्या शासनसंस्थेने पारपत्र दिले तिच्या सामर्थ्याचा? अमेरिकेबाहेर राहणाऱ्या अमेरिकनांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष धारदार होतो. शब्दांतला भेदच पाहा. मेक्सिकोतून टेक्सासच्या शेतावर राबायला येणारा तो ‘स्थलांतरित’ आणि टेक्सासहून मेक्सिको सिटीत निवांत राहायला जाणारा तो ‘एक्स्पॅट’! सीमा दोघांनीही ओलांडलेली असते. फरक पडतो तो केवळ पारपत्राच्या वजनाचा.

या पारपत्राची किंमत मात्र चुकवावी लागते. बहुतेक देश माणूस राहतो कोठे हे पाहून कर आकारतात. अमेरिका नागरिकत्व पाहून आकारते. यादवी युद्धाच्या काळात रूढ झालेल्या या प्रथेवर १९२४ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले. मेक्सिको सिटीत राहणाऱ्या एका अमेरिकनाने तेथील उत्पन्नावरच्या कराला आव्हान दिले होते. नागरिक कोठेही असला तरी शासनाचा लाभ त्याला मिळतच असतो, असे न्यायालयाने ठरविले. २०१० च्या कायद्याने तर परदेशी बँकांवरही अमेरिकन खातेदारांची माहिती कळविण्याची सक्ती आली आणि युरोपातल्या काही बँकांनी अमेरिकन ग्राहकच नाकारावयास सुरुवात केली. धनिकाने देश बदलून करातून निसटू नये, हे तत्त्व वस्तुतः योग्यच आहे. त्यांच्या विलापाने कोणी व्याकूळ होण्याचे कारण नाही. पण त्याच जाळ्यात परदेशी संसार थाटलेली साधी शिक्षिकाही सापडते, आणि ज्याच्यापाशी कसबी सल्लागार असतो तो बहुधा सुटतो. हा करांच्या इतिहासातला जुनाच अनुभव आहे.

कर हा तरी पैशाचा व्यवहार. नागरिकाच्या जिभेवर शासनाने हक्क सांगितला म्हणजे काय होते, ते पॉल रोबसन यांच्या चरित्रात दिसते. त्यांचे वडील गुलामगिरीतून पळून जाऊन धर्मोपदेशक झालेले. १९२७ नंतर सुमारे बारा वर्षे हा थोर गायक-नट मुख्यतः लंडनमध्ये राहिला. तेथेच वेल्सच्या खाणकामगारांशी त्याचे जिव्हाळ्याचे नाते जुळले. तेथेच पंडित नेहरूंशी स्नेह झाला. विलायतेत मानमरातब होता, वर्णद्वेषाचा जाच कमी होता. तरीही १९३९ साली युद्धाचा वणवा पेटताच रोबसन मायदेशी परतले आणि त्याच वर्षी नभोवाणीवर त्यांनी गायिलेले अमेरिकेचे गौरवगीत घरोघरी गाजले. परदेशवासाने स्वदेशप्रेम आटते म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

त्याच रोबसन यांचे पारपत्र १९५० साली सरकारने रद्द केले. आफ्रिकेतील वसाहतींच्या स्वातंत्र्यासाठी ते झटत आले आहेत, हेही कारण सरकारतर्फे न्यायालयात मांडण्यात आले! ज्या देशाचा जन्मच वसाहतीच्या बंडातून झाला, त्याच्या सरकारने हे म्हणावे यापरती विसंगती कोणती? कॅनडात जायला अमेरिकनाला तेव्हा पारपत्र लागत नसे. तरी १९५२ साली तेथील खाणकामगारांच्या निमंत्रणावरून निघालेल्या रोबसन यांना सीमेवर अडविण्यात आले. कामगारांनी मग सीमेवरच सभा भरविली. रोबसन अमेरिकेच्या बाजूला एका ट्रकवर उभे राहिले आणि सीमेच्या दोन्ही अंगांना हजारो माणसे ऐकत बसली. १९५७ साली वेल्सच्या खाणकामगारांच्या उत्सवात त्यांचा आवाज पोहोचला तो अटलांटिकच्या तळातून गेलेल्या दूरध्वनीच्या तारेतून.

१९५६ च्या चौकशीत लोकप्रतिनिधींच्या समितीने त्यांना विचारले, रशिया इतका आवडतो तर तेथेच का राहिला नाहीत? आपला बाप गुलाम होता, आपल्या माणसांनी मरून हा देश उभारला, म्हणून आपण येथेच राहणार, असे ते बाणेदारपणे उत्तरले. स्टालिनच्या अत्याचारांविषयी रोबसन यांनी मौन पाळले, हा त्यांचा दोष खराच, आणि तो झाकण्याचे कारण नाही. परंतु त्या उत्तरातला अभिमान पारपत्राच्या मेहेरबानीवर जगणारा नव्हता. १९५८ साली त्यांच्या साठीच्या गौरवासाठी भारतात समिती निघाली. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छागला तिचे प्रमुख होते आणि नेहरूंचा तिला पाठिंबा होता. अमेरिकन मुत्सद्द्यांनी तो समारंभ टळावा म्हणून बरीच खटपट केली. त्याच वर्षी जूनमध्ये, चित्रकार रॉकवेल केंट यांच्या खटल्यात, केवळ मतांसाठी पारपत्र नाकारता येत नाही असा निर्णय पाच विरुद्ध चार मतांनी लागला आणि रोबसन यांचा मार्ग मोकळा झाला.

जेम्स बाल्डविन यांची गोष्ट निराळी. १९४८ साली, चोविसाव्या वर्षी, हार्लेमचा हा लेखक वर्णद्वेषाला विटून पॅरिसला गेला. तेथे त्याला उमगले ते हे, की टेक्सासच्या गोऱ्या सैनिकाइतकाच आपणही अमेरिकन आहोत. १९५७ साली तो नागरी हक्कांच्या लढ्यासाठी परतला. व्हिएतनाम युद्धात लढायचे नाकारून कॅनडात गेलेल्या तरुणांना १९७७ साली अध्यक्ष कार्टर यांनी माफी दिली. तरी त्यांतले पुष्कळजण परतले नाहीत. त्यांना देशद्रोही ठरविणे सोपे होते. ते युद्ध पुढे रेटणारांना मात्र हे बिरूद कोणी लावले नाही.

महाराष्ट्राला या प्रश्नाचे जवळचे उदाहरण ठाऊक आहे. मिनियापोलिस येथे १९४१ साली जन्मलेल्या गेल ऑम्वेट व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या चळवळीतून आल्या, सांगली जिल्ह्यातील कासेगावी राहिल्या आणि १९८३ साली त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्वाला स्थान नाही. म्हणजे बलाढ्य पारपत्र देऊन दुबळे घेण्याचाच तो व्यवहार होता. २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावातच त्यांचे निधन झाले. बर्कले विद्यापीठाला त्यांनी १९७३ साली प्रबंध सादर केला, तो पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीवर. त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटल्याबद्दल ती अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली. अर्पणपत्रिकेत जोतीरावांनी वॉशिंग्टनच्या सरकारला नव्हे, त्या लोकांना नमस्कार केला होता.