पहिलटकरणीचे पहिले तीन दिवस

श्रोतेहो, आपल्या जुन्नर-आंबेगावकडे गाय व्याली की गोठ्यात काय घडते, ते मी तुम्हांला सांगायला नको. वासरू धडपडत उभे राहते न राहते, तोच घरधनी त्याला आचळाला लावतो. चीक पोटात गेला नाही तर वासरू तगत नाही, हे लहान पोरालाही ठाऊक असते. आणि त्याच घरात लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तर? तिचे पहिले पिवळसर दूध ‘खराब’ म्हणून पिळून टाकायचे आणि बाळाच्या जिभेला मधाचे बोट लावायचे, ही रीत अजूनही काही घरांतून गेलेली नाही. वासराला जो न्याय, तो नातवाला का नसावा?

ते पिवळे दूध म्हणजे माणसाचा चीकच. येते थोडे, एका वेळी चमचाभर. पण बाळाला तेवढेच लागते, आणि रोगांशी झुंजण्याचे बळ त्यातच असते. म्हणून जन्मानंतर तासाभरात बाळ छातीशी लावावे आणि सहा महिने अंगावरच्या दुधावाचून पाणीसुद्धा देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. डॉक्टरांनी दिलेले औषध तेवढे वेगळे. मध तर वर्षाच्या आत नकोच. त्यातून क्वचित जिवावर बेतणारी विषबाधा होते.

खरी कसोटी लागते ती दुसऱ्या-तिसऱ्या रात्री. पान्हा भरून यायला दोन-चार दिवस जातात. बाळ घडोघडी रडते. पोरीचे अंग ठणकत असते, डोळ्याला डोळा लागलेला नसतो. अशा वेळी उशाशी बसलेली एखादी बाई सहज बोलून जाते, “हिला दूधच नाही गं!” बोलणारी विसरते, पण ते शब्द पोरीच्या काळजात रुततात. मग बाटली येते. बाटलीने पोट भरले की बाळ कमी ओढते, आणि कमी ओढले की दूध कमी उतरते. विहिरीचा उपसा चालू राहिला की झरे मोकळे होतात ना? तसेच हे आहे. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावे, रात्रीचे पाजणे चुकवू नये. बाळाचे पोट आईच्या पोटाला लागलेले असावे, आणि नुसते स्तनाग्र नव्हे, तर भोवतालचा काळा भागही त्याच्या तोंडात गेला पाहिजे. नाहीतर चिरा पडतात अन् दूधही नीट उतरत नाही.

दूध पुरते की नाही, हे रडण्यावरून ठरवू नका, लंगोट मोजा. पाचव्या दिवसानंतर दिवसाकाठी सहा लंगोट ओले होत असतील, तर पोट भरते आहे. सुरुवातीला थोडे उतरलेले वजन साधारण दोन आठवड्यांत भरून येते. दवाखान्यातून घरी आलेल्या बाळाला बघायला आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या अशा ठरल्या दिवशी बेचाळिसाव्या दिवसापर्यंत येतात. त्यांना मोकळेपणाने विचारा. बाळ पिईनासे झाले, मलूल किंवा फार पिवळे दिसू लागले, अथवा आईची छाती लाल होऊन ताप आला, तर मात्र थेट दवाखाना गाठा.

पुढे भातलावणीला किंवा नारायणगावच्या बाजारात कामाला जावे लागले, तरी दूध तोडायचे कारण नाही. हात धुऊन स्वच्छ भांड्यात काढलेले दूध गार जागी झाकून ठेवले तर चार तास टिकते. ते वाटी-चमच्याने नाहीतर बोंडल्याने पाजता येते.

गुरुजनहो, पालकसभेत हा विषय काढायला संकोच करू नका. आणि बापयांनो, कडा उतरून बाळाकडे धावणाऱ्या हिरकणीची गोष्ट आपण कौतुकाने सांगतो, एस.टी. स्थानकांवर तिच्या नावाचे कक्षही आहेत. पण घरातल्या हिरकणीला आपण काय देतो? तिला गरम जेवण, तांब्याभर पाणी आणि दुपारची झोप मिळू द्या. आणि तिसऱ्या रात्री बाळ रडू लागले की एवढेच म्हणा, “येईल गं दूध, घे त्याला जवळ.”