मालाची यादी दाखवा

(इचलकरंजी इथं तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय मला असा दिलाय: एक चित्रकार कृत्रिम बुद्धिमत्तेकडून स्वप्नात दिसावी तशी चित्रविचित्र चित्रं काढून घेतो, त्यांच्या प्रिंटा काढतो, फ्रेम करून गॅलरीत टांगतो, खाली स्वतःची सही ठोकतो. ही कला की बनवाबनवी? मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. कविता लिहितो, पण कलेच्या पोथ्या वाचलेल्या नाहीत. कला म्हणजे काय यावर प्राध्यापक मंडळींनी खुशाल चऱ्हाट वळावं. मला मालातलं कळतं. आणि माझ्या मते हा प्रश्न मालाचाच आहे.

हे कुठंतरी पॅरिस-न्यूयॉर्कात चाललंय असं समजू नका. २०१८ च्या ऑगस्टात दिल्लीच्या नेचर मॉर्ट गॅलरीत 'ग्रेडियंट डिसेंट' नावाचं प्रदर्शन भरलं. सात कलावंत, आणि सगळ्यांचं काम याच यंत्राच्या मदतीनं. त्यात भारतातला एकटा हर्षित अग्रवाल. २०२१ साली कोलकात्याच्या इमामी आर्टमध्ये त्याचं स्वतंत्र प्रदर्शनही झालं. त्याच्या एका कामाचं नाव मराठीत सांगायचं तर 'डॉक्टर अल्गोरिदमचा शरीरशास्त्राचा धडा'. शस्त्रक्रियेचे फोटो यंत्राला दाखवायचे आणि यंत्राकडून नवी चित्रं काढून घ्यायची. मांस दिसतं, पण कुणाचं, ते कळत नाही.

नाव घेतलंय रेम्ब्रांटच्या १६३२ च्या चित्रावरनं. त्यात डॉक्टर टुल्प एका प्रेताचा हात फाडून शिकवतोय, आणि भोवती पांढऱ्या कॉलरवाले बडे लोक. टुल्पचं नाव चित्राच्या नावातच आहे. टेबलावरचा मुडदा कुणाचा? चोरीच्या गुन्ह्यात फाशी दिलेल्या एका गरिबाचा, आरिस किंट त्याचं नाव. हे नाव किती जणांना ठाऊक आहे? ज्याच्या अंगावर विद्या उभी राहिली तो नेहमी टेबलावरच. अग्रवालवर माझा राग नाही. त्यानं निदान मुडदा मधोमध ठेवला. मला विचारायचंय ते पुढचं.

गोदीत पूर्वी माल उघडा यायचा. गोणी, पेट्या, गासड्या. जुने लोक सांगतात, पाठीवर घेतला की वासावरनं कळायचं, हा खजूर, हे गंधक. मग कंटेनर आला. टोळ्याच्या टोळ्या घरी बसल्या. आता लोखंडी पेटी बंद, वर सील, आत काय आहे ते हलवणाऱ्याला दिसत नाही. पण एक गोष्ट अजून टिकून आहे: मॅनिफेस्ट. जहाजाबरोबर मालाची यादी लागतेच. कुणाचा माल, कुठनं चढवला, किती नग.

चित्र काढणारं यंत्र ही तसलीच बंद पेटी. फक्त हिची यादी कुणी मागत नाही.

२०२२ साली 'लायन' नावाचा एक साठा जाहीर झाला. इंटरनेटवरची चित्रं आणि त्यांच्याखालच्या ओळी, अशा ५८५ कोटी जोड्या. 'स्टेबल डिफ्युजन' हे यंत्र त्याच साठ्यातल्या मालावर शिकलं. ज्यांनी चित्रं काढली, फोटो काढले, त्यांना कुणी विचारलं नाही. दमडी दिली नाही. २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेत तिघा चित्रकारांनी त्यावर खटला भरला.

तुमच्या गावात आडवा धागा एकदा गेला की एक पीक. पिकावर मजुरी ठरते. पैशा-पैशासाठी इथं माग बंद पडलेत, मोर्चे निघालेत. मालक कितीही हरामी असो, पीक मोजावंच लागतं. आणि तिकडं ५८५ कोटी, अन् एकाचंही पीक धरलेलं नाही!

हे इचलकरंजीतच बोलायला आणखी एक कारण आहे. हे सगळं लफडं मागाच्या पोटातनं जन्मलंय. तुमच्याकडं पहिला यंत्रमाग १९०४ ला आला. त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १८०४ ला, फ्रान्सात जॅकार्डनं नक्षीचा माग केला. भोकं पाडलेले पुठ्ठे. भोक असेल तिथं धागा उचलला जातो, नसेल तिथं खाली राहतो. हीच भोकांची युक्ती इंग्लंडात बॅबेजनं आपल्या हिशेबाच्या यंत्रासाठी घेतली, आणि तिथनं वाट कॉम्प्युटरकडं गेली. १८३९ साली लियाँत खुद्द जॅकार्डचं चित्र रेशमात विणलं, त्याला २४,००० पुठ्ठे लागले. लोकांना वाटायचं छापील चित्र आहे. म्हणजे यंत्रानं काढलेलं चित्र भिंतीवर टांगायची तऱ्हा पावणेदोनशे वर्षांच्या वर जुनी आहे. त्यात बाटण्यासारखं काही नाही. पण त्या रेशमात खाली विणणाऱ्याचं नावसुद्धा विणलंय: कार्किया.

आणि २०१८ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला ख्रिस्टीजनं यंत्राचं चित्र लिलावात काढलं. १५,००० जुनी व्यक्तिचित्रं पोटात घालून काढलेला एका खोट्या माणसाचा अर्धवट चेहरा. किंमत आली ४,३२,५०० डॉलर. सहीच्या जागी काय होतं? गणिताचं सूत्र. १५,००० चित्रांचे कर्ते गायब. ज्या पोराचा प्रोग्रॅम त्यांनी वापरला तो रॉबी बॅरट, तोही सहीत नाही. कार्कियापासून सूत्रापर्यंत, ही म्हणे प्रगती.

आता यंत्राची घाण काढणाऱ्यांचं बघा. २०२३ च्या जानेवारीत 'टाइम'नं छापलं की ओपनएआयसाठी केनियातले मजूर तासाला दोन डॉलरपेक्षा कमी रकमेवर बलात्काराचे, खुनाचे, पोरांवरच्या अत्याचाराचे मजकूर दिवसभर वाचत होते, त्यावर शिक्के मारत होते. कशासाठी? यंत्रानं ग्राहकासमोर सभ्य बोलावं म्हणून. दुसऱ्याचा मैला स्वतःच्या डोक्यावरनं वाहायचा, म्हणजे गिऱ्हाइकाचं अंगण स्वच्छ. आपल्याला हे काम नवीन आहे का? फक्त टोपली दिसत नाही.

आणि आपल्या वाट्याला या पेटीतनं काय येतं? २०२५ साली अमेरिकेतल्या 'एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू'नं ओपनएआयचं 'सोरा' तपासलं. ब्राह्मणाचं काम काढ म्हटलं की गोरा, पांढऱ्या कपड्यातला पुजारी. दलिताचं काम म्हटलं की काळा, मळक्या कपड्यातला माणूस, हातात झाडू नाहीतर गटारात. दलिताचं वर्तन म्हटलं, तर दहातल्या तीन चित्रांत जनावरं: जीभ बाहेर काढलेला डाल्मेशियन कुत्रा आणि पंजा चाटणारं मांजर. शब्द सारखे वाटले म्हणून घोटाळा झाला असेल, असं कुणी म्हणेलही. म्हणू दे. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर कुत्र्यामांजरांना पाणी होतं, आपल्याला नव्हतं. ९८ वर्षांनी यंत्रानं आपल्याला थेट त्यांच्यातच नेऊन बसवलं. यंत्राला हे कुणी शिकवलं? ज्यांनी आपल्या फोटोखाली ओळी लिहिल्या त्यांनी.

याला अतिवास्तव म्हणायचं तर म्हणा. पॅरिसात १९२४ ला ब्रेतोंनं जाहीरनामा काढला, स्वप्नातलं सत्य शोधा म्हणाला. त्यांना झोपावं लागलं. आपल्या माणसाच्या गळ्यात थुंकायला गाडगं आणि पावलं पुसायला मागं झाडू, हे पेशवाईत भर दिवसा, रस्त्यावर होतं. नागपूरच्या सवी सावरकरांनी तो माणूस एचिंगमध्ये आणला. धातूच्या पत्र्यावर रेघ ओढायची, आम्ल पत्रा खातं, खड्ड्यात शाई भरायची, कागद दाबायचा. तीही प्रिंटच आहे! पण तिथं कुणाचा माल, विचारायची पाळी येत नाही. रेघ ओढणाऱ्याच्या पाठीवरचाच आहे तो.

म्हणून हे यंत्र फोडा असं मी सांगणार नाही. दिल्लीच्या त्याच सात जणांत अॅना रिडलर नावाची बाई होती. तिनं २०१८ मध्ये ट्यूलिपच्या फुलांचे दहा हजार फोटो स्वतः काढले, प्रत्येकाखाली स्वतःच्या हातानं वर्णन लिहिलं, आणि तेही भिंतीवर लावले. यंत्र काय खातं ते सगळ्यांसमोर. म्हणजे यादी दाखवता येते. दाखवायची नसते, एवढंच.

तिची फुलं होती. तुमच्याकडं माग आहेत. कांडीवाला, वहिफणीवाला, जॉबर, सायझिंगच्या वाफेत उभा असलेला, खर्चीवाल्याच्या शेडमधली बाई. हे शब्द त्या ५८५ कोटींत कितीसे असणार? इथनं हाकेच्या अंतरावर माणगाव. १९२० च्या मार्चात तिथं शाहू महाराजांनी बाबासाहेबांकडं बोट दाखवून सांगितलं की हा तुमचा पुढारी. त्याच्या दोन महिने आधी 'मूकनायक' निघाला होता, कारण आपल्याबद्दलच्या ओळी दुसरेच लिहीत होते.

मी उद्या संध्याकाळपर्यंत गावात आहे. ज्यांच्याकडं बऱ्यापैकी कॅमेऱ्याचा मोबाइल असेल त्यांनी सकाळच्या पाळीला शेडवर चला. मालक आत घेणार नाही, तर पाळी सुटताना फाटकाशी उभे राहू. फोटो काढायच्या आधी माणसाला विचारायचं, आणि खाली काय लिहायचं तेही त्यालाच विचारायचं. वही मी आणलीय.