मागची चाकं आणि काळी माती

परभणीत बर्फ पडत नाही. पण पावसात पाणंद रस्त्यावरची काळी माती गाडीला तशीच घसरवते. तिच्यातली माँटमोरिलोनाइट ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचा बुजवते. पिकअपचं इंजिन पुढं, जोर मात्र मागच्या चाकांना. मोंढ्यात माल उतरवला की मागं भार उरत नाही, पकड सुटते. म्हणून परतताना दोन भरली पोती हौद्यात मागच्या चाकांच्या वर घट्ट बांधा. दुसरा गिअर, हलका अ‍ॅक्सिलरेटर. मागचा भाग डावीकडं सरकला, तर पाय हलका करून स्टिअरिंगही डावीकडंच वळवा. ब्रेक दाबू नका. पाय तिकडंच धावतो म्हणा! चाक जागीच फिरलं तर रेस वाढवल्यानं खड्डा खोल होतो. खाली मुरूम किंवा बारदान टाका. तुराट्या नकोत, टोकं टायरला लागतात.