जवारी

मिरजेच्या तंबोऱ्याचा जन्म पुष्कळदा सोलापूर जिल्ह्यात होतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भीमाकाठचा कडू भोपळा वाळून मिरजेस जातो व तेथे त्यास तुणीची दांडी बसते.

परंतु तंबोऱ्याचा आवाज ठरतो तो घोडीवर. तिचा माथा किंचित उतरता असतो. तार त्यास जेमतेम स्पर्श करीत थरथरते, आणि एका स्वरातून अनेक स्वर झिरपू लागतात. हीच जवारी. छेडण्याच्या जागेमुळे जो उपस्वर उमटूच नये, तोही येथे स्पष्ट ऐकू येतो, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले.

आवडत्या गवयाच्या तंबोऱ्यासारखाच आवाज हवा, अशी हौस धरून गिऱ्हाईक येते, तेव्हा कारागिरापुढे पेच पडतो. कानस अधिक फिरली तर घासलेले हाड परत येत नाही. म्हणून तो प्रथम विचारतो, "आपला षड्ज कोणता?" पुरुषाच्या काळी एकला साधलेली जवारी स्त्रीच्या काळी चारला तशीच बोलेल असे नाही, तारांची जाडीही बदलावी लागते. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ (निधन १९३७) मिरजेस राहिले. ते जवारी स्वहस्ते काढीत. त्यांच्या सुराचे अर्धे रहस्य तेथेच असावे.

२०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन लाभले. विजेवरचा तंबोरा मात्र घरोघर शिरला आहे. तो बिचारा कोणाचाच षड्ज विचारीत नाही. खटका फिरवावा, की झाले!

मिरजेचा कारागीर शेवटी कानस खाली ठेवतो, तारेखालचा सुताचा दोरा केसभर सरकवितो आणि गिऱ्हाइकास म्हणतो, "आता आपण गा."